साठवलेली रजा : किती साठते, कधी बुडते?



"पगारी रजा घेतलीच नाही, तर ती जाते कुठं?" हा प्रश्न हल्ली गटांच्या बैठकीत वरचेवर निघतो. त्याला कारणही आहे. ताडकळस आणि आजूबाजूच्या गावांतल्या आपल्या बऱ्याच जणी आता शेताबाहेर कामाला जातात. कुणी परभणीला कापडाच्या दुकानात, कुणी जिनिंगमध्ये. कुणाची सून नोकरीला, कुणाचा मुलगा पुण्याच्या कारखान्यात. आणि दुसरं म्हणजे आपला संघ स्वतःही काही जणींना पगार देतो. येत्या सर्वसाधारण सभेत आपल्याला कर्मचाऱ्यांच्या रजेचे नियम मंजूर करायचे आहेत. म्हणजे या विषयात आपण कामगार पण आहोत आणि मालक पण. हात वर करायच्या आधी विषय नीट समजून घेऊ या.

रजा तीन प्रकारची

पहिली किरकोळ रजा. पाहुणे आले, शाळेत बोलावलं, रेशनचं काम निघालं, अशा अचानक कामासाठी. ही सहसा साठत नाही. वर्ष संपलं की शिल्लक बुडते.

दुसरी अर्जित रजा, म्हणजे काम करून कमावलेली. अमुक दिवस काम केलं की एक दिवस रजा खात्यात जमा होते. ही साठते, पण मर्यादेपर्यंत.

तिसरी आजारपणाची रजा. हिचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, म्हणून ती खाली वेगळी सांगितली आहे.

कुठं किती साठते?

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा पगारी मिळते. ती दर तीन महिन्यांनी थोडी थोडी जमा होते आणि वर्षअखेर बुडते. वर्षात २४० दिवस काम भरलं, तर दर २० दिवसांच्या कामाला १ दिवस अर्जित रजा मिळते. ती जास्तीत जास्त ४५ दिवस साठवता येते. याशिवाय वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत, बाकी चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या.

पण एक लक्षात ठेवा. हा कायदा आला तेव्हा तो १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. २०२५ मध्ये ही संख्या २० करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. म्हणजे दोन-चार बायका कामाला असलेल्या छोट्या दुकानात या रजा आपोआप मिळत नाहीत. तिथं कामाला लागतानाच बोलून घ्यावं लागतं, आणि जमलं तर कागदावर लिहून घ्यावं लागतं.

कारखान्यांसाठी आधी १९४८ चा कारखाना कायदा होता. त्यातही २४० दिवसांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ही अट १८० दिवसांवर आली. दर २० दिवसांना १ दिवस हा हिशोब तोच राहिला. पुढच्या वर्षात नेता येणारी रजा जास्तीत जास्त ३० दिवस. ३० च्या वरची असेल, तर तिचे पैसे मागता येतात. बाळंतपणाची रजा १८० दिवसांच्या मोजणीत धरली जाते, पण त्या दिवसांवर नवीन रजा जमा होत नाही.

आपल्या भागातल्या जिनिंगला हे कसं लागेल? जिनिंग कापसाच्या हंगामापुरती चालते. हंगाम पाच महिने चालला आणि एकही खाडा केला नाही, तरी दिवस १५० च्या आतच भरतात. म्हणजे १८० ची अटही तिथं अवघडच. म्हणून हंगामी काम करणाऱ्या ताईंनी आपल्या हजेरीचे दिवस स्वतः वहीत लिहून ठेवावेत. हंगाम लांबला आणि दिवस भरले, तर पुरावा आपल्याच हातात राहतो.

राज्य सरकारी नोकरीत वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. १५ दिवस जानेवारीत आणि १५ जुलैत जमा होते. साठवायची मर्यादा ३०० दिवस. निवृत्तीला शिल्लक रजेचे पैसे मिळतात, त्याला रजा रोखीकरण म्हणतात. "रिटायर होताना रजेचे एवढे लाख आले" असं आपण ऐकतो, ते हेच.

मर्यादा कशासाठी?

पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, कमावलेली रजा बुडवायची म्हणजे अन्यायच. पण दोन बाजू आहेत.

आधी मालकाची बाजू बघा, कारण संघ म्हणून ती आपलीच आहे. समजा आपल्या एका कार्यकर्तीला महिना ९,००० रुपये पगार आहे. २६ दिवसांनी भागलं तर एका दिवसाचे साधारण ३४६ रुपये होतात. तिनं वर्षात ३०० दिवस काम केलं, तर १५ दिवस रजा जमा झाली. दोन वर्षं रजा घेतली नाही तर ३० दिवस, म्हणजे सुमारे १०,४०० रुपये. सहा वर्षं घेतली नाही तर ९० दिवस, म्हणजे ३१,००० च्या वर. हा पैसा आपल्यावर देणं आहे. कर्जाच्या वहीत तो दिसत नाही, पण ती ताई नोकरी सोडेल त्या दिवशी द्यावाच लागेल. शिवाय रजा कमावली तेव्हा पगार ६,००० असला, तरी पैसे आजच्या ९,००० च्या भावानं जातात. अशा चार जणी असल्या तर संघाच्या खात्यावर केवढा ताण येईल, तुम्हीच बघा.

आता कामगाराची बाजू. रजा ही विश्रांतीसाठी असते. मर्यादाच नसेल तर मालक म्हणतो, "आत्ता राहू दे, साठव की." आणि बाई वर्षानुवर्षं राबत राहते. ठरावीक दिवसांच्या पुढे रजा साठणार नाही असं असलं, की दोघांनाही ती वेळेवर घ्यावी आणि द्यावी लागते.

मागितली, पण दिली नाही तर?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. रजा आपण घेतली नाही ही एक गोष्ट, आणि मागूनही मिळाली नाही ही दुसरी. कायदा या दोन्हींत फरक करतो. कारखान्यात रीतसर मागितलेली रजा नाकारली, तर ती ३० च्या मर्यादेत धरत नाहीत, कितीही झाली तरी पुढे नेता येते. दुकाने कायद्यातही नाकारल्यामुळे रजा ४५ च्या वर गेली, तर वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क आहे.

पण मागितल्याचा पुरावा पाहिजे. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवत नाही. म्हणून रजेचा अर्ज १५ दिवस आधी लिहून द्या. दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. सही देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तो मेसेज पुसू नका.

कारखान्यातली नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तरी शिल्लक अर्जित रजेचे पैसे बुडत नाहीत. ते दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचे असतात. कामगार वारला तर वारसाला दोन महिन्यांच्या आत मिळाले पाहिजेत. घरातला कमावता माणूस गेल्यावर हा पैसा मागायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या गटात अशी कुणी ताई असेल, तर तिला हे जरूर सांगा.

आजारपण आणि बाळंतपण

सरकारी नोकरीत आजारपणासाठी अर्धपगारी रजा असते. वर्षाला २० दिवस, आणि हिला साठवायची मर्यादा नाही. डॉक्टरचा दाखला असेल तर दोन अर्धपगारी दिवस देऊन एक दिवस पूर्ण पगाराचा घेता येतो. विचार सरळ आहे : मोठं आजारपण सांगून येत नाही, म्हणून ही रजा साठू द्यावी.

ज्यांचं ईएसआयचं कार्ड आहे, त्यांना अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम ईएसआयकडून मिळते. तिथं अर्जित रजा खर्चायची गरज नाही.

बाळंतपणाचंही तसंच. "बाळंतपणासाठी रजा साठवून ठेवते" असं पुष्कळ जणी म्हणतात. पण १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा हा वेगळा हक्क आहे. गर्भपात झाला तर ६ आठवडे, नसबंदीच्या ऑपरेशनला २ आठवडे. त्यासाठी आपली साठवलेली रजा कापू देऊ नका.

सभेत काय ठरवायचं?

आपल्या संघात कर्मचारी थोडे आहेत, म्हणून दुकाने कायदा आपल्याला बांधत नाही. पण हक्काच्या गोष्टी करणाऱ्या बायकांच्या संस्थेनं कायद्यापेक्षा कमी द्यावं, हे बरं दिसत नाही. चर्चेसाठी मी असा मसुदा सुचवते :

१. किरकोळ रजा वर्षाला ८ दिवस, शिल्लक पुढे जाणार नाही.
२. अर्जित रजा दर २० दिवसांना १ दिवस, साठवण ३० दिवसांपर्यंत.
३. लेखी मागून नाकारलेली रजा या ३० मध्ये धरायची नाही.
४. आजारपणाची रजा वेगळी. ती साठू द्यायची, पण तिचे पैसे द्यायचे नाहीत, फक्त आजारपणातच वापरायची.
५. प्रत्येकीची रजा नोंदवही, दर तीन महिन्यांनी तिची सही.
६. शिल्लक अर्जित रजेचं देणं दरवर्षी हिशोबात दाखवायचं आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवायची.

तिसऱ्या कलमावर मतभेद होतील, याची मला कल्पना आहे. "कामाच्या गर्दीत नाही म्हणावंच लागतं" असं काही पदाधिकारी ताई म्हणतील. म्हणावं लागत असेलही. पण नाही आपण म्हणायचं आणि रजा तिची बुडायची, हे आपण दुसऱ्या मालकाकडून चालवून घेतलं असतं का?

सभेच्या आधी प्रत्येक गटानं आपल्या बैठकीत या सहा मुद्द्यांवर बोलावं आणि ठराव लिहून पाठवावा. बाहेर कामाला असलेल्या कुणाची रजा किंवा तिचे पैसे अडकले असतील, तर परभणीच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करता येते. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत मदत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही. जाताना हजेरीची वही आणि अर्जाची प्रत मात्र सोबत न्या.