आधी फळी वाचा, मग पाना उचला

जुनी फिरती आरागिरणी विकत घ्यायला गेलेला माणूस सहसा आधी इंजिन चालू करायला सांगतो. पहिल्या झटक्यात इंजिन उठले, धूर कमी दिसला, आवाज एकसारखा आला की त्याचे निम्मे समाधान होते. ही तपासणी चुकीच्या टोकाने सुरू होते, असे माझे म्हणणे आहे. आरागिरणीची परीक्षा एकच आहे: ओंडक्यातून सारख्या जाडीची, सरळ फळी निघते का? इंजिन बिघडले तर दुरुस्त करणारा कर्जत, खोपोलीला कुठेही भेटेल. पण फळीवर लाटा उठत असतील, तर मालक आधी पट्टा बदलतो, मग बेरिंग बदलतो, शेवटी इंजिन उघडतो आणि लाटा तशाच राहतात. दोष कुठे आहे ते फळी आणि पाते आधीच सांगत असतात. त्यांचे ऐकायचे, मग मोजायचे आणि सर्वांत शेवटी सुटा भाग बदलायचा. दुरुस्तीचा हा क्रम पाळला, तर लोक भंगारात काढू पाहतात त्यांतली बरीच यंत्रे पुन्हा कामाला लागतील.

यंत्राची रचना फार अवघड नाही. जमिनीवर दोन समांतर रूळ, त्यांवर पक्का बसवलेला ओंडका आणि ओंडक्यावरून पुढे सरकणारे डोके. डोक्यात दोन चाके असतात, त्यांवर ताणलेले पोलादी पाते गरगर फिरते आणि कापाच्या दोन्ही बाजूंना छोटे रोलर त्याला वाट दाखवतात. अशा पात्याची कल्पना नवी नाही. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८मध्ये पट्टी-करवतीचे पेटंट मिळवले, पण पात्याची दोन टोके टिकाऊ जोडता येईनात म्हणून ते यंत्र जवळपास चार दशके कामाचे ठरले नाही. १८४६मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅन पोलिन क्रेपँ या महिलेने टोके जोडण्याची रीत शोधली आणि त्यानंतर पट्टी-करवत कारखान्यात शिरली. पातळ पात्याची, गाडीला जोडून नेता येणारी गिरणी मात्र अलीकडची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९८२मध्ये सुरू झालेल्या वुड-मायझर या कंपनीने ती जगभर पोहोचवली. आजही या यंत्राचे बरेवाईट बव्हंशी पात्यावरच ठरते.

कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीच्या आसपास अशा गिरणीला काम का मिळेल, हे समजायला झाडे आणि रस्ते पाहावे लागतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात साग, ऐन, किंजळ आहेत, बांधावर आणि परसात आंबा, जांभूळ, चिंच, शिरीष आहेत. पावसाळ्यात झाडे उन्मळतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यात असंख्य झाडे आडवी झाली. शेताच्या कडेला पडलेला जाड बुंधा उचलून वखारीत नेण्यापेक्षा गिरणी बुंध्यापाशी नेणे सोपे पडते. नाही तर चांगले लाकूडही तुकडे होऊन चुलीत जाते. दुसरा हिशेब कापाचा आहे. गोल करवतीचा काप सहा मिलिमीटरच्या आसपास जातो, पातळ पट्टीचा सुमारे दोन. दहा काप घेतले की चार सेंटिमीटर लाकूड भुश्यात जाण्यापासून वाचते. इंच जाडीच्या फळ्या काढणाऱ्याला ही दीड फळीची बचत झाली. पण काप सरळ असेल तरच हा हिशेब खरा. फळी वाकडी निघाली तर रंधा मारून तेवढेच लाकूड पुन्हा उडवावे लागते.

म्हणून आधी फळी वाचायची. पृष्ठावर लाटा असतील तर पाते बोथट आहे, ताण कमी आहे किंवा डोके घाईने ढकलले जात आहे, यांपैकी काहीतरी असते. त्याच ओंडक्यावर खात्रीचे, नवे धार लावलेले पाते चढवून एकच काप घ्यायचा. लाटा गेल्या तर तपास संपला. फळी दरवेळी एकाच अंगाला ओढली जात असेल तर पात्याच्या एका बाजूचे दात बोथट झालेले किंवा कमी वाकवलेले असतात, कारण पाते ज्या बाजूला जास्त चावते तिकडे झुकते. जुन्या झाडात रुतलेल्या खिळ्याने वा कुंपणाच्या तारेने एका बाजूचे दात खाल्ले की असेच होते. फळीची एक कड सतत जाड निघत असेल तर पाते रुळांच्या पातळीला समांतर नाही. फळीवर भुसा जाड थरात राहत असेल तर दात पुरेसे फाकलेले नाहीत. ठराविक अंतराने एकच खोल ओरखडा दिसला तर कुठला तरी एक दात ओळीबाहेर गेलेला आहे. या सगळ्या खुणा फुकटात मिळतात आणि त्या वाचायला एकही बोल्ट सैल करावा लागत नाही.

फळीनंतर पाते. तुटलेले पाते फेकून देणारा माणूस सर्वांत मोलाचा पुरावा फेकतो, कारण तडा कुठून गेला यावरून कारण कळते. दातांमधल्या खाचेतून तडा सुरू झाला असेल तर पाते बोथट असताना दामटले गेले, जास्त ताणले गेले किंवा विश्रांतीवाचून चालवले गेले. पाठीकडून तडा गेला असेल तर पात्याची पाठ रोलरच्या कडेवर घासते आहे, म्हणजे दुरुस्ती रोलरच्या जागेची हवी. जोडावरच तुटले असेल तर वेल्डिंग कच्चे होते. पाते थकते कसे हे साध्या गणिताने कळते. चार मीटर लांबीचे पाते सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने धावत असेल तर ते सेकंदाला सहाहून अधिक फेऱ्या घेते आणि प्रत्येक फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकते. तासाभरात ही वाकणी पंचेचाळीस हजारांवर जाते. त्यातून खाचेच्या तळाशी केसाहून बारीक तडे पडतात. वेळेवर धार लावताना खाचेचा तळही घासला गेला तर ते निघून जातात आणि पाते पुन्हा उभे राहते. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती धार लवकर मारते, म्हणून सागावर पाते अधिक वेळा बदलावे लागते. काम थांबले की पात्याचा ताण सैल करणे हा तर पैसा न लागणारा उपाय आहे.

पात्याचा निकाल लागल्यावरच पाना आणि मोजपट्टी हातात घ्यायची. इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, हातात जाड मोजे. ताणलेले पाते सुटले तर ते स्प्रिंगसारखे उसळते, त्यामुळे ही खबरदारी टाळून चालत नाही. चाक हाताने फिरवून पाहावे. पाते पुढेमागे सरकत असेल तर चाकाचा कल, बेरिंगमधला खेळ आणि चाकावरचा रबरी पट्टा तपासावा. अनेक छोट्या गिरण्यांत पाते लोखंडी कडेवर नव्हे तर खोबणीतून वर आलेल्या रबरावर धावते. ते रबर झिजून कडेच्या बरोबरीला आले की पाते लोखंडावर टेकते आणि कितीही कल दिला तरी नीट बसत नाही. मग रोलर: त्यांनी पात्याला थोडे खाली दाबून स्थिर धरलेले असावे आणि रोलरची कड व पात्याची पाठ यांत काही मिलिमीटर मोकळी जागा असावी. शेवटी रूळ. जुने यंत्र गाडीमागे ओढले जाते, त्याची चौकट पिळली जाते, ओल्या मातीत एक पाय खचतो. दोरी ताणून आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का, हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही.

यावर अनुभवी कारागीर म्हणतील, एवढी मोजमापे कशाला, कानाला सगळे कळते. कानाचे मोल मी कमी मानत नाही. पाते ताणावर आहे की सैल, बेरिंग कोरडे पडले आहे का, हे जाणत्या माणसाला आवाजावरून लगेच उमगते. पण काहीतरी बिघडले आहे एवढेच कान सांगतो. किती आणि कुठे हे मोजमाप सांगते. शिवाय कानाने मिळवलेले ज्ञान त्या माणसाबरोबर निघून जाते, कागदावर लिहिलेले माप मात्र पुढच्या हाताला मिळते. दुसरा आक्षेप पैशाचा आहे: जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवे स्वस्त यंत्र आणावे. नव्या यंत्रालाही रूळ सपाट लागतात, पात्याला धार लागते आणि रोलर जागेवर बसवावे लागतात. हे न करणाऱ्याच्या हातात नवे यंत्रही थोड्याच दिवसांत तशाच लाटा काढेल. बेरिंग आणि व्ही-पट्टे प्रमाणित आकारांचे असतात, त्यांच्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक घेऊन गेले तर पुण्या-मुंबईच्या बाजारात ते मिळतात. जी चौकट पिळून भेगाळली आहे आणि वेल्डिंगनेही सरळ होणार नाही, ती मात्र सोडून द्यावी, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

कर्जत-खालापूरचा धुवाधार पाऊस या यंत्राची स्वतंत्र परीक्षा घेतो. पावसाळाभर झाकून ठेवलेली गिरणी दसऱ्याला बाहेर काढली की चाकांवर गंज, भुश्यात मुरलेली ओल आणि कार्बोरेटरमध्ये चिकट झालेले पेट्रोल मिळते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतली ओल ओढते. म्हणून मृगाआधी टाकी रिकामी करणे, भुसा पूर्ण झाडणे, पात्यावर तेलाचा हात फिरवणे आणि ताण सैल करणे ही कामे कॅलेंडरवर लिहून ठेवावी. इंजिन दम खात असेल तेव्हाही आधी बोथट पाते, घसरणारा पट्टा आणि भुश्याने गुदमरलेला एअर फिल्टर पाहावा, इंजिन उघडण्याचा विचार त्यानंतर करावा.

सर्वांत गंभीर आक्षेप जंगलाचा आहे. गिरणी फिरती झाली की चोरटी तोड वाढेल, ही भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १९९६पासून वनतोडीवर कडक निर्बंध आणले, २००२च्या आदेशाने नव्या सॉ मिलना केंद्रीय समितीच्या पूर्वपरवानगीची अट घातली, आणि २०१६मध्ये केंद्राने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खाजगी जमिनीवरची झाडतोड राज्याच्या १९६४च्या कायद्याखाली येते. माथेरानचा परिसर २००३पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. गिरणीला चाके आहेत म्हणून परवान्यातून सूट मिळेल, असे कुणी धरून चालू नये. वन खात्याकडे विचारणा करून, परवाना हातात घेऊनच यंत्र विकत घ्यावे. पण हा आक्षेप दुरुस्तीच्या विरोधात जात नाही. परवाना असलेले यंत्र नीट कापते तेव्हा त्याच कायदेशीर झाडातून जास्त फळ्या निघतात. जंगलाचे रक्षण नियमाने होते, बिघडलेल्या करवतीने होत नाही.

भिवपुरीला दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रांची ओळख नवी नाही. घाटावरच्या आंध्रा नदीचे ठोकरवाडी धरणात अडवलेले पाणी खाली उतरवून टाटांचे जलविद्युत केंद्र इथे १९२२पासून वीज देत आहे. असे केंद्र शतकभर टिकते ते ठरलेल्या तपासणीमुळे आणि लिहिलेल्या नोंदींमुळे. हीच शिस्त छोट्या यंत्रालाही लागू करता येते. जुनी आरागिरणी विकणाऱ्याकडून शेवटच्या तुटलेल्या पात्याचा तुकडा मागावा, समोर एक ओंडका कापून घ्यावा आणि फळीची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी. विकत घेतल्यावर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: कोणते पाते किती तास चालले, कुठे तुटले, रोलर केव्हा सरकवला, पातळी केव्हा तपासली. तालुक्यात फिटर आणि वेल्डर आहेत, आयटीआयमध्ये ते घडतात. पात्याला नीट धार लावणारा आणि दात मापाने फाकवणारा माणूस कमी आहे. हे काम शिकवणारा एखादा छोटा वर्ग कुणी सुरू केला, तर नव्या यंत्रांपेक्षा त्यातून या भागाचे लाकूड आणि पैसा अधिक वाचेल.