वाचनालयातले कोरे पान

परवा मी आमच्या वाचनालयातून एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आणली. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन निरनिराळ्या हातांची मते लिहिलेली होती. पहिले होते, ‘अप्रतिम! डोळ्यांत पाणी आले.’ त्याखाली दुसऱ्याने लिहिले होते, ‘सगळे खोटे आहे.’ तिसरा गृहस्थ व्यवहारी दिसला. त्याने एवढेच विचारले होते, ‘मधली दोन पाने कोणी फाडली?’

ग्रंथपालांच्या दृष्टीने तिघेही दंडास पात्र. मला मात्र ह्या मतांची किंमत वाटली. पुस्तकांविषयी जे छापून येते ते बहुधा जाणकाराचे असते, नाहीतर लेखकाच्या स्नेह्याचे. ज्याने दिवसाचे काम आटोपून झोप मोडून पुस्तक वाचले, त्याचे मत कोऱ्या पानावरच राहते. म्हणून ह्या व्यासपीठावर मला त्या पानाविषयी बोलावयाचे आहे. मी सातवी शिकलेला माणूस. मोंढ्यात हमालांची आणि हंगामात ऊसतोड मजुरांची संघटना बांधण्यात माझी उमर गेली. साहित्याचा अधिकार मला नाही, पण वाचकांचा सहवास पुष्कळ आहे.

‘अप्रतिम’ आणि ‘खोटे’ ही दोन मते एकमेकांविरुद्ध आहेत असे आपल्याला वाटते, आणि तेथेच आपली चूक होते. पहिला सांगतो, मला कसे वाटले. दुसरा सांगतो, असे घडले नाही. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरेही दोन आहेत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. हरी नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तानाजी पडला आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही समजूत घरोघर आहे. तानाजीची लढाई १६७० ची. पण सिंहगड हे नाव त्याच्याही आधी, १६६३ च्या पत्रात सापडते. आता मोंढ्यात हे सांगितले तेव्हा एकजण रागावला. म्हणाला, ‘भाऊ, मग तानाजी पडला नाही का?’ पडला. शौर्य खरे, मरण खरे. नावाची गोष्ट तेवढी मागाहून जुळलेली. एक धागा काढला म्हणून सगळे वस्त्र उसवत नाही, हे त्याला पटवायला मला दोन कप चहा लागला.

आमच्या युनियनच्या खोलीत पावसाळ्यात आवक कमी असते तेव्हा आम्ही पुस्तक मोठ्याने वाचतो. एका वर्षी रणजित देसायांची ‘स्वामी’ घेतली. ही कादंबरी १९६२ सालची, आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरल्या माधवरावांची ती कथा. वाचताना राक्षसभुवनचे नाव निघाले आणि गेवराईकडचा एक हमाल ताडकन्‌ उठून बसला. ‘हे आपलंच राक्षसभुवन का? शनीचं?’ होय, तेच. गोदावरीच्या काठी १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवरावांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षी निजामाने पुणे जाळले-लुटले होते. निजाम स्वतः काही फौजेनिशी नदी उतरून पलीकडे गेला होता, नदीला पूर होता, आणि दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर सापडला. तो लढाईत मारला गेला. माधवरावांचे वय तेव्हा अवघे १८.

आता मते सुरू झाली. एकाला पोरसवदा पेशव्याचे कौतुक. दुसरा म्हणाला, दिवाणाचे नाव विठ्ठल आणि धनी निजाम, मग ही लढाई धर्माची कशी? हा प्रश्न मोठमोठ्या सभांतून कोणी विचारत नाही. गेवराईवाल्याने निराळेच विचारले: ‘दोन्ही फौजा आमच्या रानातून गेल्या. ऑगस्टात पीक उभं असतं. ते कुणाचं गेलं?’

मित्रहो, कादंबरीवरचे ह्याहून खरे मत मी तरी ऐकलेले नाही. १८७१ साली गुंजीकरांचे ‘मोचनगड’ पुस्तकरूपाने आले, तिला मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. तेव्हापासून आपल्याकडे गड, दरबार आणि तंबू ह्यांची वर्णने विपुल झाली. उभ्या पिकाची फार थोडी. आपला मुलूख त्या पानांत येतो तो बहुधा लढाईचे मैदान म्हणून. राक्षसभुवन आले, आष्टी-पाटोद्याच्या पलीकडचे १७९५ चे खर्डे आले. तेथे राहणारी माणसे आली नाहीत.

पण ह्यात देसायांना दोष देणे मला मान्य नाही. त्यांनी माधवराव आणि रमाबाई ह्यांची कथा सांगायला घेतली, शेतसाऱ्याची नव्हे. लेखकाने काय सांगायला घेतले ते आधी पाहावे, मग ते साधले की नाही ते बोलावे. आणि काय राहून गेले हे विचारण्याचा हक्क त्यानंतरचा, पण तो पुरता आपला. शेवट वाचला तेव्हा खोलीत एक ऊसतोड करणारी बाईही बसली होती. माधवराव १७७२ साली थेऊरला क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या. पुरुषमंडळींचे गळे दाटले होते. बाई म्हणाली, ‘ती गेली, का तिला जाऊ दिली?’ कोणी उत्तर दिले नाही. मीही नाही.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? त्याला पंडित व्हावे लागत नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० नंतर ४५ भागांत काढले. ह्या कागदांत तारीख, मुक्काम, खर्च, कोण आले-गेले हे असते. नवराबायको रात्री काय बोलली ते नसते. म्हणून कादंबरीत जेथे तारीख आणि मुक्काम येतो तेथे विचारा, कागद कोणता? जेथे दोघांचे एकांतातले बोलणे येते तेथे समजा, हे लेखकाचे. एवढा भेद ध्यानात ठेवला तर पुस्तकावरून डोकी फुटणार नाहीत. जानेवारी २००४ मध्ये एका पुस्तकावरच्या रागापायी पुण्याच्या भांडारकर संस्थेत मोडतोड झाली, तीत इतिहासाचीच साधने तुडवली गेली. राग कोणावर आणि घाव कोणावर!

कवितेचे थोडे निराळे आहे. तेथे ‘घडले का’ हा प्रश्नच लागू पडत नाही, त्यामुळे वाचक गोंधळतो आणि ‘आपल्याला कळत नाही बुवा’ म्हणून पुस्तक मिटतो. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपुढे हात जोडणारे हजारो, ‘विवेकसिंधु’ उघडणारे किती? आमच्या खोलीत नारायण सुर्व्यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ वाचले तेव्हा सगळे खूश, कारण गिरणीत राबलेला माणूस. मी त्यांना म्हटले, कवी आपल्यातला आहे म्हणून कविता चांगली ठरत नाही, नाहीतर मी उद्या कवी होईन. त्यावर बराच वाद झाला. मग महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ वाचल्या. हे १९६७ चे पुस्तक, आणि कवी पळसखेडचा शेतकरी. ऐकून तीच ऊसतोडीची बाई म्हणाली, ‘गोड हाय. पण कोपीत राहणाऱ्याला रान इतकं गोड लागत नाही.’ मी कवीची बाजू घेतली, तो स्वतः नांगर धरणारा होता म्हणून सांगितले. ती म्हणाली, ‘त्याचं रान त्याचं होतं ना.’ आजही मला ह्याचे उत्तर धड देता येत नाही, आणि महानोर मला आवडतातच.

गेवराईवाल्याची गोष्ट राहिली. तो पुढच्या सुटीत मुद्दाम राक्षसभुवनला जाऊन आला. परतल्यावर म्हणाला, ‘भाऊ, पूर-बिर खोटं आहे. घोटाभर पाणी नाही नदीला.’ तो जाऊन आला होता भर उन्हाळ्यात, आणि वर पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले, हे मी त्याला सांगितले. १७६३ च्या श्रावणातली गोदावरी अडवायला कोणी नव्हते. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तेवढं पान पुन्हा वाचा.’