रात्रभर धुरी, दुपारी पाटी ‘संपलं’

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कुणी ‘चला, बार्बेक्यू खायला जाऊ’ म्हटलं, तर टेबलात बसवलेली शेगडी आणि सळईवरचं पनीर डोळ्यांसमोर आणू नका. तिथे मांस जाळावर चर्रकन भाजत नाहीत. ओक किंवा हिकरीच्या लाकडाच्या मंद आचेवर, धुरात, रात्रभर शिजत ठेवतात. त्यामुळे आधी ऑर्डर, मग स्वयंपाक हा आपला नेहमीचा क्रम तिथे चालूच शकत नाही. काल रात्री भट्टीत जेवढं चढलं, तेवढंच आज मिळणार. ते संपलं की दाराला पाटी लागते आणि दुकान बंद. या खाण्यातलं मला सगळ्यात भावतं ते हेच. पैसा, हुद्दा, घाई, काहीही घेऊन या. आच आपल्याच चालीनं चालते.

राष्ट्राध्यक्ष आले आणि पुढे घुसले

टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात २००९ साली एका ट्रेलरमध्ये ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’ सुरू झालं. आज ते पक्क्या इमारतीत आहे. दार उघडतं सकाळी अकराला, पण खवय्ये भल्या पहाटेपासून घडीच्या खुर्च्या टाकून बाहेर बसतात, पत्ते खेळतात, अनोळखी माणसांशी दोस्ती करतात. जुलै २०१४ मध्ये बराक ओबामा आले आणि ही रांग ओलांडून थेट काउंटरपाशी गेले. भरपाई म्हणून मागे उभ्या असलेल्या लोकांचं बिल त्यांनी भरलं. पुढच्याच वर्षी मालक एरन फ्रँकलिन यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. अमेरिकी खाद्यजगतातला हा सर्वांत मोठा मान, आणि तो मिळाला रात्री उठून लाकडं सारणाऱ्या माणसाला!

आणि मान तिथेच थांबला नाही. २०२४ मध्ये हॉटेलांना तारे देणारं मिशेलिन गाइड पहिल्यांदाच टेक्सासात उतरलं आणि चार बार्बेक्यू हॉटेलांना एकेक तारा देऊन गेलं.

आठवड्यातून एकच दिवस

लेक्सिंग्टन हे टेक्सासातलं चिमुकलं गाव. तिथलं ‘स्नोज बीबीक्यू’ फक्त शनिवारी उघडतं, तेही सकाळी आठला. म्हणजे नाश्त्याच्या वेळेला गोमांसाचं ब्रिस्केट! २००८ मध्ये ‘टेक्सास मंथली’ मासिकानं याला राज्यात पहिला नंबर दिला आणि गावाची शांतता संपली. (या मासिकात २०१३ पासून पूर्णवेळ बार्बेक्यू संपादक आहे. हेवा वाटावा अशीच नोकरी.)

पण खरं आकर्षण आहे टूट्सी टोमानेट्झ. जन्म १९३५चा. भट्टीवर काम सुरू केलं १९६६ साली. ऐंशी ओलांडल्यावरही त्या आठवडाभर शाळेत देखभालीचं काम करायच्या आणि शुक्रवारी मध्यरात्रीनंतर भट्टीवर हजर व्हायच्या. फावड्यानं निखारे उचलायचे, मांसाखाली पसरायचे, झाकण टाकायचं, पुन्हा उचलून बघायचं. आच किती आहे हे हाताला कळतं आणि हाताला कळायला वर्षं लागतात. त्यांचं काम पाहायला जगभरातून लोक या आडगावी येऊ लागले, यात मला काहीच नवल वाटत नाही.

साखळीला बांधलेले सुरे

लॉकहार्ट या गावी १९०० साली ‘क्रॉइट्झ मार्केट’ सुरू झालं ते खाटकाचं दुकान म्हणून. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांची अशी बरीच दुकानं होती. विकून उरलेलं मांस टिकावं म्हणून त्याला धुरी द्यायची, सॉसेज भरायची. कापूस वेचणारे मजूर ते विकत घेऊन तिथेच कागदावर ठेवून खायचे. तोच रिवाज पुढे टिकला. आजही टेक्सासात मांस वजनावर मिळतं, पौंड किंवा अर्धा पौंड, आणि ताटलीऐवजी जाड तांबूस कागदावर पुढ्यात येतं. क्रॉइट्झमध्ये काटे नव्हते, सॉसही नव्हता. अनेक दशकं हाच नियम. जुन्या इमारतीत टेबलांना सुरे होते, पण साखळीनं जखडलेले.

१९९९ मध्ये मालक कुटुंबातल्या भावा-बहिणीचं बिनसलं. इमारत बहिणीची, धंदा भावाचा. भावानं थोड्याच अंतरावर नवी जागा बांधली आणि जुन्या भट्टीतले पेटते निखारे एका टबात घालून रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीत नेले. बातमीवाले कॅमेरे घेऊन मागे. जुन्या इमारतीत बहिणीनं ‘स्मिटीज’ काढलं. आता गावात एका विस्तवाच्या दोन चुली आहेत आणि समंजस माणूस दोन्हीकडे जेवतो.

ब्रिस्केट रुसतं तेव्हा

ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या किंवा गायीच्या छातीचा भाग. जनावराचा भार पेलणारा स्नायू, म्हणून चिवट. पूर्वी त्याला फारशी मागणी नव्हती. साधारण १०७ ते १३५ अंश सेल्सियसच्या आचेवर दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त ठेवलं, की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि तो चिवट तुकडा बोटानं मोडावा इतका मऊ होतो.

मात्र मध्येच एक गंमत होते. मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास पोचतं आणि तिथेच अडून बसतं. तास जातात, काटा हलत नाही. नवशिके घाबरून लाकडं कोंबतात. कारण मात्र साधं आहे. मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन वाफ होत राहतो आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी उन्हाळ्यात गार राहतं ते याच न्यायानं. ओलावा पुरेसा उडाला की तापमान पुन्हा चढू लागतं. काही जण या टप्प्यावर मांस कागदात गुंडाळून वाट आखूड करतात. काही जण नुसते थांबतात.

कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसला तर ‘कच्चं राहिलं’ म्हणून परत पाठवू नका. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडला गेला की तो रंग पक्का होतो, शिजल्यावरही जात नाही. त्याला चव नसते. मोठ्या स्पर्धांत त्याला गुणही नसतात. चव असते ती बाहेरच्या काळ्याकुट्ट, मिरी-मीठ मुरलेल्या पापुद्र्यात. तो कुणी ताटात सोडला तर मी तरी गप्प बसणार नाही.

जिल्हा बदलला, चटणी बदलली

टेक्सासात गोमांस, पण पूर्वेकडे सरकलं की डुकराचं राज्य. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात, बारीक चिरतात आणि त्यावर व्हिनेगर आणि लाल मिरची, बास. एडनमधलं ‘स्कायलाइट इन’ १९४७ पासून असंच चालू आहे. मूळ यादी केवढी? मांस, कोबीची कोशिंबीर, मक्याचा चपटा पाव. चिरताना कुरकुरीत कातडीही त्यातच मिसळतात, म्हणून मऊ घासात मध्येच कुडुम् होतं. हॉटेलच्या छपरावर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा घुमट आहे. राजधानी इथे आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्याच राज्याच्या पश्चिमेला, लेक्सिंग्टनला गेलात (हे दुसरं लेक्सिंग्टन), तर अख्खं डुक्कर नाही, फक्त खांद्याचा भाग. व्हिनेगरमध्ये टोमॅटो मिसळतो, कोबीही लाल होतो. एवढ्याशा फरकावरून दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतात, आणि घालावाच. चवीवर इतका जीव असणारी माणसं मला फार आवडतात. साउथ कॅरोलायनात पिवळा, मोहरीचा सॉस. त्याचं श्रेय जर्मन वसाहतकऱ्यांना देतात. अलाबामात डिकेटरच्या ‘बिग बॉब गिब्सन’नं १९२५ पासून चक्क पांढरा सॉस रूढ केला. मेयोनीज, व्हिनेगर, मिरी. धुरावरची कोंबडी त्यात बुचकळून काढायची.

आणि मेम्फिस? तिथल्या ‘रेन्डेव्हू’च्या प्रसिद्ध बरगड्यांना ओला सॉस नाहीच, कोरडा मसाला भुरभुरलेला. गल्लीतून शिरून तळघरात उतरायचं. ग्रीक वंशाच्या चार्ली व्हर्गोस यांनी १९४८ साली हे सुरू केलं. तळघरात कोळसा ओतायची जुनी वाट सापडली, तीच धुराडं झाली आणि भट्टी पेटली.

मांसाचं बिल थेट सर्वोच्च न्यायालयात

चटपटीत मजकुरातही ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

बर्मिंगहॅम, अलाबामा इथलं ‘ओलीज बार्बेक्यू’. कामगारांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आलं, तर बांधून घ्यायचं आणि निघायचं. आत बसून खायची मनाई. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं हा भेदभाव बेकायदा ठरवला, तेव्हा मालक कोर्टात गेले. म्हणणं असं, की आमचं हॉटेल गावातलं, केंद्राच्या काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा, इथे काय संबंध? न्यायालयानं हिशेब पाहिला. वर्षभरात ६९,६८३ डॉलरचं मांस ज्या स्थानिक व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, तो ते राज्याबाहेरून आणत होता. म्हणजे आंतरराज्य व्यापार आला, आणि काँग्रेसचा अधिकारही आला. १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमतानं निकाल लागला: दार सगळ्यांना उघडा.

ज्यांना आत बसू देत नव्हते, ही विद्या मुख्यतः त्यांच्याच पूर्वजांनी जोपासलेली. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरच्या मोठ्या मेजवान्यांना चर खणणं, लाकडं जाळून निखारे करणं, रात्रभर जनावर फिरवणं, हे सारं गुलाम माणसं करत. पुढे तीच कला घेऊन लोक उत्तरेकडे गेले. मेम्फिसजवळ जन्मलेले हेन्री पेरी यांनी १९०८ च्या सुमारास कॅन्सस सिटीत वर्तमानपत्रात गुंडाळून मांस विकायला सुरुवात केली, आणि त्या शहराचा सारा बार्बेक्यू त्यांच्यापासून मोजतात. आर्कान्सातल्या मॅरिअॅना गावी जोन्स कुटुंबाचं छोटंसं हॉटेल शंभराहून अधिक वर्षं चालत आलंय. यादीत एकच जिन्नस: डुकराचं मांस, साध्या पांढऱ्या पावात. २०१२ साली त्यालाही जेम्स बिअर्ड मान मिळाला. २०१८ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या रॉडनी स्कॉट यांना आग्नेय विभागाचे सर्वोत्तम शेफ म्हणून गौरवलं गेलं. अकराव्या वर्षापासून ते अख्खं डुक्कर भाजत आलेत.

व्यायामशाळेत राजकारण

राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर पाचेक आठवड्यांतच नवे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पहिली सरकारी मेजवानी दिली. पाहुणे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर लुडविग एरहार्ड. स्थळ व्हाइट हाउस नव्हे, तर टेक्सासातल्या स्टोनवॉल गावच्या शाळेची व्यायामशाळा, कारण थंडीमुळे बाहेर पंगत मांडता येईना. २९ डिसेंबर १९६३. पियानोवर व्हॅन क्लायबर्न, ताटात बरगड्या आणि ब्रिस्केट.

बाजूच्या वाट्या, आणि आपली मंडळी

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला मराठी कुटुंबं भरपूर. मुलाकडे आलेल्या आई-बाबांनाही कधीतरी अशा हॉटेलात नेलं जातंच. त्यांच्यासाठी थोडं कामाचं. गोमांस-डुक्कर वर्ज्य असेल तर धुरावरचं टर्की आणि कोंबडी बहुतेक ठिकाणी असते. टेक्सासातलं टर्की तर खास मागवावं असं. सॉसेज घेताना आत काय आहे ते विचारा. शाकाहारी माणसानं बीन्स आणि कोलार्डच्या पालेभाजीपासून जपावं, त्यात डुकराचं मांस बऱ्याचदा घातलेलं असतं. बटाट्याचं सॅलड, मॅकरोनी-चीज, मक्याचा पाव यांवर पोट भरतं, तरी पावात चरबी आहे का ते विचारून घ्यावं. दक्षिणेत मॅकरोनी-चीजची गणना भाज्यांत होते, तेव्हा फलकावर भाज्यांखाली ते दिसलं तर गोंधळू नका. प्यायला बर्फाचा गोड चहा किंवा टेक्सासात लालभडक ‘बिग रेड’, १९३७ पासून चालत आलेला. शेवटी केळ्याचं पुडिंग, व्हॅनिला बिस्किटांचे थर असलेलं.

आणि मटणाशिवाय ज्यांचा रविवार होत नाही, त्यांनी केंटकीतलं ओवेन्सबरो गाठावं. १८१६ च्या आयात शुल्कामुळे लोकरीचा धंदा फायद्यात आला, मेंढ्या वाढल्या. म्हाताऱ्या झालेल्या, लोकर न देणाऱ्या मेंढ्यांचं निबर मांस मऊ करायचा उपाय म्हणजे हिकरीचा धूर. ‘मूनलाइट बार-बी-क्यू इन’मध्ये ते वूस्टरशर घातलेल्या काळ्या, पातळ सॉसबरोबर बुफेत मांडतात. सोबत बर्गू नावाचं दाटसर कालवण असतं, त्यातही मटण असतंच. दोन्ही घ्या, आणि मटण दुसऱ्यांदा वाढून घ्यायला जागा ठेवा.