भाऊबीजेचे ताट : थाट आणि भान

दिवाळीच्या पाच दिवसांत भाऊबीज हा जेवणाचा दिवस. जैन घरांत या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. कार्तिक अमावास्येला पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी त्या रात्री दीप उजळले, असे कल्पसूत्र सांगते. भगवंतांचे ज्येष्ठ बंधू राजा नंदिवर्धन या वार्तेने शोकाकुल झाले व त्यांनी अन्नाचा त्याग केला. तेव्हा द्वितीयेच्या दिवशी भगिनी सुदर्शना त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, त्यांचे सांत्वन केले आणि आपल्या हाताने त्यांना जेवू घातले, अशी कथा श्वेतांबर परंपरेत सांगितली जाते. आपल्या भाऊबीजेचे मूळ त्या ताटात आहे. शोक करणाऱ्याला पुन्हा घासाजवळ आणण्यासाठी ते वाढले गेले होते.

आज बहिणीच्या घरी भाऊबीजेला दहा-बारा माणसे सहज जमतात. जेवणाचे टेबल सुंदर दिसावे ही हौस गैर नाही. मात्र सजावटीचे नमुने बहुधा मोबाईलवरच्या छायाचित्रांतून येतात, आणि ती छायाचित्रे आपल्या आचारासाठी काढलेली नसतात. मेणबत्त्या, रेशमी आच्छादन, बोन चायनाच्या बशा, नावांच्या चिठ्ठ्या : यांतील बहुतेक गोष्टी जैन घराच्या टेबलावर अडचणीच्या ठरतात. त्या वगळूनही टेबल देखणे होते. किंबहुना अधिक देखणे होते, असे मला वाटते.

आधी घड्याळ, मग फुलदाणी

दिवाळीच्या सुमारास मुंबई-पुण्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो. चौविहार करणाऱ्यांचे जेवण आणि पाणी त्यापूर्वी आटोपले पाहिजे. जे सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, आधी थांबतात त्यांच्यासाठी सव्वापाचच्या सुमारास शेवटचा घास. भाऊबीजेला ओवाळणी आणि भेटवस्तू यांत अर्धा-पाऊण तास जातोच. म्हणून ओवाळणी साडेतीनला आणि पाने चारला, हे गणित आमंत्रण देतानाच सांगून ठेवावे. दुकान बंद करून येणाऱ्या भावाला वेळ आधी कळली, तर तो वेळेवर येतो.

या वेळेमुळे सजावटीचा मोठा प्रश्न आपोआप सुटतो. आपले टेबल हे दिवसाचे टेबल आहे. मेणबत्त्यांच्या मंद उजेडाची त्याला गरजच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील दुपारचे तिरपे ऊन हाच आपला दिवा. पश्चिमेच्या खिडकीजवळ टेबल सरकवावे, जाड पडदा काढून पातळ सुती पडदा लावावा. पितळेवर आणि काशावर पडणाऱ्या त्या उजेडाची सर कोणत्याही झुंबराला येत नाही. पणत्या सूर्यास्तानंतर उंबऱ्याशी लागतील; त्याही काचेच्या आवरणात ठेवाव्यात, म्हणजे पतंग-किडे ज्योतीवर येणार नाहीत.

जागेचा हिशेब

आयुष्यभर आकड्यांत वावरल्यामुळे मी टेबलाकडेही तसाच पाहतो. सहा माणसांचे सर्वसाधारण टेबल 150 सेंटीमीटर लांब व 90 रुंद असते. आपले जेवणाचे ताट 33 सेंटीमीटरचे धरू, आणि कडेपासून 3 सेंटीमीटर आत ठेवू. दोन्ही बाजूंची ताटे मिळून 72 सेंटीमीटर रुंदी घेतात. मध्ये उरतात 18. दोन्ही टोकांना एकेक माणूस बसवला, तर लांबीतही तेवढेच जाऊन 78 उरतात. म्हणजे सजावटीसाठी मिळणारी जागा 18 बाय 78 सेंटीमीटरची एक पट्टी. तीत फुलदाणी, फळांची परडी आणि आमटीचे पातेले एकत्र मावणार नाही. मांडणी बिघडते ती येथे.

म्हणून वाढपाची भांडी टेबलावर आणूच नयेत. त्यांच्यासाठी शेजारी चौरंग किंवा छोटे टेबल मांडावे. मधल्या पट्टीत एकच वस्तू, तीही वीतभर उंचीची. समोरच्याचा चेहरा झाकला जाता कामा नये. माणसे अधिक असतील तर दुसऱ्या पंगतीपेक्षा खालची बैठक बरी. ज्यांना मांडी घालता येते त्यांच्यासाठी पाट आणि चौरंग, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची. मात्र कापड आणि ताटे दोन्हीकडे एकसारखी हवीत, म्हणजे वरची आणि खालची असा मानाचा भेद उरत नाही.

आच्छादन आणि भांडी

शुद्ध रेशीम मिळवण्यासाठी कोष आतील जिवासह उकळतात. एका किलो धाग्यामागे हजारो कोष जातात. ज्या जेवणात आपण मुंगीचाही विचार करतो, त्याच्या खाली ते कापड अंथरणे विसंगत आहे. घरी ठेवणीतला रेशमी तुकडा असेल आणि शंका असेल, तर काठाचा एक धागा जाळून पाहावा. जळक्या केसांसारखा वास आला तर ते रेशीम. सोलापूर व इचलकरंजी ही सुती कापडाची आपलीच गावे. फिक्या रंगाचे जाडसर सुती आच्छादन घ्यावे, चारी बाजूंनी वीतभर खाली येऊ द्यावे, आणि मधल्या पट्टीवर आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ अंथरावा. घरातल्या लेकीबाळींना ज्याची गोष्ट सांगता येते, असे कापड विकत मिळत नाही.

बोन चायनाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण लग्नात भेट मिळालेले असे संच आपल्या अनेक कपाटांत आहेत. त्या नावातील 'बोन' हा शब्द शब्दशः खरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या या प्रकारात मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळतात, आणि तिचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश ते निम्मे असते. बशीच्या मागचा शिक्का वाचावा. साधी पोर्सलीन, स्टोनवेअर आणि काच यांत ही राख नसते.

खरे तर आपल्याकडे याहून सरस भांडी आहेत. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे कासे उजेडात मंद सोन्यासारखे दिसते. पितळी ताट घेतले तर कल्हई पाहून घ्यावी. चिंच, कोकम, लिंबू अशा आंबट पदार्थांसाठी बिनकल्हईचे पितळ किंवा तांबे वापरू नये. काळवंडलेली चांदी उजळण्यासाठी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालावे व भांडी फॉइलला टेकतील अशी काही मिनिटे बुडवावीत. घासून चांदी झिजवावी लागत नाही. आणि यांतले काहीच नसेल, तर लखलखीत स्टीलची एकसारखी ताटे उत्तम. उसनवारीच्या चांदीपेक्षा स्वतःचे स्टील अधिक शोभते.

मधली पट्टी

फुले तोडण्याविषयी घरोघरी वेगवेगळे नियम आहेत. जे तोडलेली फुले टाळतात, त्यांच्यासाठी पारिजातक आहे. तो आपणहून गळतो. मात्र त्याचा सडा पहाटेचा, दुपारी चारपर्यंत तो कोमेजतो, म्हणून तो सकाळच्या ओवाळणीच्या तबकातच शोभतो. दुपारच्या टेबलासाठी पितळी परातीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, बदाम, खारका आणि सुपाऱ्या रचाव्यात. व्यापारी घराला हा थाट शोभतो, आणि जेवणानंतर पाहुण्यांच्या हाती तो देता येतो. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात काहीच जात नाही.

रांगोळी दारात आणि चौरंगाभोवती काढावी. तांदळाच्या पिठाच्या रांगोळीवर मुंग्या येतात व पायाखाली चिरडतात. त्यामुळे शिरगोळ्याची रांगोळी बरी.

आणखी एक दक्षता. टेबलावर अक्षरे नकोत. 'शुभ दीपावली' छापलेले कागदी रुमाल, पदार्थांची यादी, नावांच्या चिठ्ठ्या या सर्वांवर शेवटी तूप-आमटीचे हात पुसले जातात. तीनच दिवसांनी ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो. तेव्हा अक्षरांची ही आशातना आपल्याच हातून कशाला? स्वस्तिक किंवा नवकार यांचीही जागा देव्हाऱ्यापाशी आहे, आच्छादनावर नाही.

ताटाची मांडणी

महाराष्ट्रीय ताट ही स्वतःच एक सजावट आहे. वरच्या मध्यावर मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी व गोड. मधोमध भाताची मूद आणि तिच्यावर वरण-तूप. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नसतानाही हिरवी, पिवळी, पांढरी अशी रंगसंगती साधते. ज्या घरी द्विदलाचा नियम आहे, तेथे डाळीच्या ताटात कच्चे दही-ताक येऊ नये. कोशिंबीर दह्याऐवजी लिंबाची करावी, अथवा दही आधी गरम करून घ्यावे.

मिठाईवरील चांदीच्या वर्खाचाही विचार करावा. पूर्वी तो जनावरांच्या आतड्यांच्या व कातड्याच्या पुड्यांत ठोकून बनत असे. 2016 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्खाच्या निर्मितीत प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली. तरीही सुट्ट्या मिठाईवरील वर्ख कोठून आला, हे दुकानदाराला विचारावे. वर्खाविना पिस्त्याचे काप लावलेली बर्फीही तितकीच सुबक दिसते.

पाण्यासाठी उकळून गार केलेल्या पाण्याचा कलश आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे; उष्टा पेला कलशात बुडत नाही.

वाढणारीचे ताट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टेबल सुंदर आहे, पाहुणे तृप्त आहेत, सुपारी फिरते आहे आणि स्वयंपाकघरात सून घड्याळाकडे पाहते आहे. सूर्य मावळला. तिचा चौविहार आहे, म्हणून ती आता जेवणार नाही. 'तिला सवय आहे' असे कोणीतरी म्हणते. अशी भाऊबीज कित्येक घरांत होते. तो उपवास तिने घेतलेला नसतो, तिच्यावर आलेला असतो. त्याला तप म्हणता येत नाही.

म्हणून ताटे मोजताना वाढणारीचे ताट पहिले मोजावे. पाने मांडायची ती सर्वांची एकदम. पहिले सर्व पदार्थ ताटात आधीच वाढून ठेवावेत. गरम पुऱ्या झाकणाच्या डब्यात चौरंगावर असाव्यात. पुढची वाढणी भावांनी, जावयांनी, मुलांनी पाळीपाळीने करावी. व्यापारात दिवसभर गिऱ्हाइकाला हवे-नको विचारणाऱ्या पुरुषांना हे अवघड नाही. पदार्थ दोन कमी झाले तरी चालतील. सुदर्शनेच्या ताटात किती पदार्थ होते, हे कोणी नोंदवून ठेवले नाही. तिने जेवू घातले, एवढेच स्मरणात राहिले.

एखाद्या घरात या वर्षी कोणी गेलेले असेल, तर त्या भावाला आवर्जून बोलवावे. सजावट कमी करावी, त्याचा आवडता एक पदार्थ करावा आणि त्याच्या शेजारी फार न बोलणारे माणूस बसवावे.

जेवण संपता-संपता ताटात थोडे पाणी घेऊन ते धुऊन पिण्याची आपली रीत आहे. नव्या पिढीला ती पाहुण्यांसमोर संकोचाची वाटते. यजमानानेच सर्वांदेखत ती पाळावी, म्हणजे संकोच संपतो. अन्नाचा कण वाया जात नाही, उष्ट्यात जीवोत्पत्ती होत नाही, आणि घासणाऱ्या बाईचे काम हलके होते. उन्हाचा शेवटचा कवडसा टेबलावरून सरकेपर्यंत घरातली सर्व ताटे अशी स्वच्छ झालेली असावीत, वाढणारीचेही.