सागवान, पत्रा आणि पाव इंचाचं टोक

२०२३च्या मे महिन्यात दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा त्यातलं सागवान नागपूरहून आल्याची बातमी देशभर छापून आली. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागाची पहिली खेप निघाली होती. विदर्भाच्या सागाचं कौतुक तसं जुनंच. नागपूरच्या उत्तरेला पेंच नदीच्या अंगाने पसरलेल्या पारशिवनी तालुक्यात, नवेगाव खैरीच्या धरणापासून कोलितमाऱ्याच्या जंगलापर्यंत, साग हाच मुख्य वृक्ष. या भागात घर बांधणाऱ्याची पहिली हौस म्हणजे सागाची चौकट आणि सागाचंच दार.

पण कौतुक लाकडाचं होतं, स्क्रूचं कोणी करत नाही. दार कितीही अस्सल असलं तरी ते चौकटीला धरून राहतं बिजागरीच्या मूठभर स्क्रूंवर. ते स्क्रू लाकडात नीट उतरले की अर्ध्यात अडकले, त्यांची डोकी शाबूत राहिली की घासून गोल झाली, हे ठरतं एका लहानशा पोलादी तुकड्यावर. त्याला सगळे नुसतं ‘बिट’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत मिस्त्रींच्या पिशवीत बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आला. मशीन घेताना चार दुकानं पालथी घातली जातात, कंपनी, व्होल्ट, वॉरंटी विचारली जाते. बिट मात्र दुकानदार देईल ते. मला हे उलटं वाटतं. मशीन साधारण असलं तरी चालून जातं, बिट चुकलं तर चांगलं मशीनच काम बिघडवतं, आणि तेही फार झपाट्याने.

त्याचं कारण मशीनच्या पोटात आहे. साध्या ड्रिल मशीनमध्ये मोटर गिअरमार्फत टोक सरळ फिरवते. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये मधे एक हातोडा आणि एक ऐरण असते. हातोडा म्हणजे दांड्यावर बसवलेला जड पोलादी गोळा. त्याच्यामागे स्प्रिंग, आणि दांड्यावरच्या तिरक्या खाचांत छर्रे. स्क्रू सहज जात असेल तोवर हातोडा आणि ऐरण एकत्र फिरतात. स्क्रू अडला की हातोडा मागे सरकतो, ऐरणीच्या दात्यावरून उडी मारतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढच्या दात्यावर आदळतो. असे ठोके मिनिटाला ३,००० आणि त्याहून जास्त, म्हणजे सेकंदाला पन्नासच्या वर. ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, स्क्रूच्या डोक्यावर वरून नाही. मार आतल्या ऐरणीलाच बसतो म्हणून मनगटाला फारसा हिसका बसत नाही, आणि दिवसभर पत्रे ठोकणाऱ्याचा हात संध्याकाळी कमी दुखतो.

जोराचं म्हणाल तर हाताने पेचकस पिळताना माणूस जेमतेम दहा न्यूटन-मीटरच्या आतबाहेर असतो. १२ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर शंभराच्या आसपास जातो, १८ व्होल्टचा दीडशेच्या पुढे. आठ नंबरच्या स्क्रूची मान त्याच्या कितीतरी आधी तुटते. ड्रिल मशीनवर आकड्यांची कडी असते, ठरवलेल्या जोराला ती ‘कटकट’ करत सुटते. बहुतेक इम्पॅक्ट ड्रायव्हरला ती नसते. कुठे थांबायचं हे बोटालाच कळावं लागतं.

आणि हा सगळा मार सोसायचा कोणी? पाव इंच, म्हणजे दोन सूत जाडीच्या षटकोनी बिटाने, आणि त्यातही शेवटच्या दोन-तीन मिलिमीटर टोकाने.

हाताने फिरवायच्या पेचकसाचं बिट पुष्कळदा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचं असतं. ते कडक असतं, हाताच्या कामाला उत्तम. ठोक्यांसाठी दुसरं पोलाद लागतं. बिटाच्या डब्यावर ‘एस-२’ लिहिलेलं दिसतं तो त्याचा वर्ग. अमेरिकन वर्गवारीत ‘एस’ गटातली पोलादं धक्का सोसण्यासाठीच बनवलेली आहेत. एस-२मध्ये कार्बन अर्धा टक्का, सिलिकॉन एक टक्क्याच्या आसपास आणि थोडं मॉलिब्डेनम. इथे सगळी कसरत कडकपणा आणि चिवटपणा यांच्यात आहे. फार कडक केलं तर टोकाचा टवका उडतो, फार मऊ ठेवलं तर पाकळ्या पिळवटतात. म्हणून ‘इम्पॅक्ट’साठीच्या चांगल्या बिटाची मान मधे बारीक केलेली असते. ठोका बसला की ती मान किंचित पिळते आणि परत येते, टोकावर येणारा झटका तेवढा कमी होतो. दुकानात बिट हातात घेऊन ही मान दिसते का ते बघावं. ‘एस-२’ची अक्षरं कोणीही छापू शकतो.

पण पोलाद कितीही चांगलं असलं तरी बिट स्क्रूच्या खाचेत नीट बसलं नाही तर त्याचा उपयोग नाही. इथे आपल्या बाजारात मोठा गोंधळ आहे. दुकानात ‘स्टार’ मागितलं की जे मिळतं ते चार पाकळ्यांचं फिलिप्स. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने दुसऱ्या एकाची कल्पना विकत घेऊन ते सुधारलं, आणि १९३६च्या सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांसाठी ते स्वीकारलं. सरळ चिरेच्या स्क्रूत पेचकस घसरून कडेला जायचा, फिलिप्समध्ये तो आपोआप मध्यावर येतो. कारखान्यातल्या वेगवान कामासाठी हा मोठा फायदा. तोटा त्याच आकारात आहे. पाकळ्यांच्या बाजू टोकाकडे निमुळत्या होतात, त्यामुळे जोर वाढला की बिट खाचेतून वर चढून बाहेर यायला बघतं. मिस्त्री ज्याला ‘स्लिप मारते’ म्हणतात ते हेच. त्याच्याही आधी, १९०८च्या सुमारास, कॅनडाच्या पीटर रॉबर्टसनने चौकोनी खाचेचा स्क्रू काढला होता. तो इतका घसरत नाही, पण आपल्याकडे तो फारसा पोचला नाही.

१९६०च्या दशकात फिलिप्सची ही घसरण्याची खोड कमी करायला पोझिड्रिव आलं. बाजू जवळजवळ समांतर, आणि चार मोठ्या पाकळ्यांच्या मधे चार लहान. ते आणण्यात इंग्लंडच्या जीकेएनचा हात होता. त्या नावातला शेवटचा ‘एन’ म्हणजे नेटलफोल्ड. जुन्या मिस्त्रींना हे नाव अनोळखी नाही. आपल्याकडच्या गेस्ट कीन विल्यम्स कंपनीचे लाकडी स्क्रू याच नावाने विकले जात आणि सरकारी बांधकामांच्या मान्य मालाच्या याद्यांत ते नाव वर्षानुवर्षं छापलं जाई. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डांनी १८५४मध्ये टोकदार स्क्रूच्या अमेरिकन पेटंटचा हक्क विकत घेतला आणि मोठा कारखाना काढला. त्याआधी लाकडी स्क्रूला बहुधा टोकच नसायचं. गिरमिटाने आधी भोक पाडल्याशिवाय तो लाकडात शिरतच नसे.

आता फर्निचरच्या मॉड्युलर कामात वापरतात त्या युरोपीय पद्धतीच्या लपलेल्या बिजागऱ्या बघा. त्यांचे स्क्रू बहुतेक पोझिड्रिव असतात. स्क्रूचं डोकं उजेडाकडे धरून जवळून पाहिलं की मोठ्या फुलीच्या मधे आणखी एक बारीक, केसाएवढ्या रेघांची फुली दिसते. ती दिसली की पोझिड्रिवचं पीझेड-२ बिट लावायचं. ती नसली की फिलिप्सचं पीएच-२. पीझेडच्या खाचेत पीएच बिट बसल्यासारखं वाटतं, पण हलतं. जोर आला की खाचेची कड खाऊन टाकतं. पीएचच्या खाचेत पीझेड पूर्ण उतरतच नाही. एका दाराच्या बिजागऱ्या जुळवताना स्क्रू दहादा सैल-घट्ट करावा लागतो, तेव्हा खाच शाबूत असण्याची किंमत कळते. सहा टोकांचं टॉर्क्स १९६७मध्ये अमेरिकेत आलं. त्यालाही लोक स्टारच म्हणतात, म्हणून दुकानात नाव सांगण्यापेक्षा स्क्रू खिशातून काढून दाखवलेला बरा. पारशिवनीत नाही मिळालं तर नागपूरच्या इतवारीत, लोहाओळीत, कोणत्याही आकाराचं बिट सापडतं.

गावातल्या मोटारसायकल गॅरेजमध्ये ‘इम्पॅक्ट’ बॅटरीच्या मशीनपेक्षा जुना आहे. तो हातोड्याने वरून ठोकायचा. ठोका बसला की आतली तिरकी खाच त्या ठोक्याचं फिरण्यात रूपांतर करते आणि इंजिनच्या झाकणाचा गंजलेला स्क्रू सुटतो. ते स्क्रू मूळच्या जपानी मापाचे. दिसायला फिलिप्स, पण खाच वेगळी, पुष्कळांच्या डोक्यावर ओळखीचा एक ठिपका असतो. त्यात साधं फिलिप्स पूर्ण बसत नाही. त्या झाकणांवरची घासलेली डोकी मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, चुकीच्या मापामुळे तशी झालेली असतात, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

सागाच्या बाबतीत मात्र बिटाचा दोष नंतर, छिद्राचा आधी. सागाच्या लाकडात सिलिका असते, तिच्यामुळे करवत, रंधा, पटाशी लवकर बोथट होतात. लाकूड तेलकट असतं, पण वाळलेलं असलं तर स्क्रूला घट्ट पकडतं. आठ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ मिलिमीटर जाड, त्याच्या आट्यांच्या आतला गाभा तीनच्या जवळपास. म्हणून सागात तीन मिलिमीटरचं छिद्र आधी पाडायचं आणि डोक्यासाठी वर खळगी करायची. हे न करता इम्पॅक्टने थेट स्क्रू घातला तर मशीन तो घालून दाखवतं खरं, पण चौकटीच्या कडेला उभी चीर जाते. सहा महिन्यांनी तिथूनच बिजागरी ढिली होते. पितळी स्क्रू असेल तर त्याची मानच तुटते आणि अर्धा स्क्रू सागात राहतो. यावर जुन्या सुतारांची एक रीत फार चांगली आहे. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालायचा, काढायचा, मग पितळी स्क्रूला मेण लावून तो हाताच्या पेचकसाने घट्ट करायचा. पुष्कळ जण मेणाऐवजी साबण लावतात. साबण ओल धरतो, लोखंडी स्क्रू त्याने गंजतो. मेणबत्तीचा तुकडा काही महाग नाही.

पत्र्याचं गणित निराळं. पारशिवनीच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, पत्रा हाताला चटका देण्याइतका तापतो. तीन मीटरचा लोखंडी पत्रा रात्र-दिवसाच्या चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. रोज. तो सगळा ताण स्क्रूवर आणि त्याच्या रबरी वॉशरवर येतो. या स्वतः भोक पाडणाऱ्या स्क्रूंचं डोकं षटकोनी, बहुतेक आठ मिलिमीटरचं. त्यासाठी लोहचुंबकाची टोपी, म्हणजे नट सेटर लागतो. इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस कोणी साफ करत नाही. कीस साचला की स्क्रूचं डोकं आत पूर्ण बसत नाही, डुगडुगतं आणि कडा गोल होतात. चिकटपट्टीचा तुकडा दाबून ओढला की कीस निघतो. दुसरी चूक जास्त नुकसानीची. ट्रिगर शेवटपर्यंत दाबून धरला की वॉशर चेपून बाहेर फुगतो. पहिल्या पावसात काही वाटत नाही, पण दोन उन्हाळे गेले की चेपलेलं रबर तडकतं आणि घर गळतं. वॉशर किंचित दबला, पत्र्याला टेकला, की थांबायचं.

बिटांच्या संचाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चाळीस-पन्नास तुकड्यांचा चकचकीत डबा घेऊ नये. त्यातली तीस टोकं कधी वापरली जात नाहीत, आणि जी पीएच-२ रोज लागतात ती त्यात दोनच असतात. पारशिवनीसारख्या ठिकाणी सुतारकाम आणि पत्र्याचं काम दोन्ही करणाऱ्याने पीएच-२ची ६५ मिलिमीटरची दोन्ही बाजूंना टोक असलेली बिटं दहाच्या पाकिटात घ्यावीत. चांगल्या कंपनीची घ्यावीत, मग ती परदेशी असो की नाशिकची तापडिया, जी १९६९पासून स्वीडिश तंत्रज्ञानाच्या आधाराने हत्यारं बनवते आहे. पीझेड-२ची दोन-तीन, पीएच-१ची दोन, कोपऱ्यात पोचण्यासाठी दीडशे मिलिमीटरचं एखादं, आठ आणि दहा मिलिमीटरचे नट सेटर. टॉर्क्सची २० आणि २५ मापं जेव्हा लागतील तेव्हा. २५ मिलिमीटरची आखूड बिटं होल्डरमध्ये लावून इम्पॅक्टवर चालवू नयेत, जोडात खेळ राहतो आणि टोक डोलतं.

बिट कधी टाकायचं, हे नव्या बिटाशेजारी ठेवून बघितलं की कळतं. नव्याच्या पाकळीची कड सरळ, धारदार असते, जुन्याची कड चमकते आणि वळलेली दिसते. पुष्कळ जण टोक ग्राइंडरवर घासून पुन्हा वापरतात. घासताना पोलाद निळसर पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग ते एका दिवसात पिळवटतं. दहा-वीस रुपये वाचवताना शेकडो रुपयांच्या बिजागरीचे स्क्रू बिघडतात.

काम करताना मशीन, बिट आणि स्क्रू एका रेषेत असावेत, मागून अंगाचा दाब असावा, सुरुवात हळू आणि शेवट त्याहून हळू. फिलिप्समध्ये तर दाब हीच खरी पकड. शेवटचा फेरा चौकटीच्या कामात हाताने द्यावा. कानात इअरप्लग घालावेत, पत्र्याच्या छपराखाली त्या ठोक्यांचा आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. डोळ्यांना चष्मा हवाच, तुटलेल्या बिटाचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, सुतार त्यातला एक. वर्षभराने तिचा मोठा कार्यक्रम आपल्याच विदर्भात, वर्ध्याला झाला. प्रशिक्षण घेणाऱ्या कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ई-व्हाउचरने मिळते. त्यातून पहिली उडी मशीनवर पडते, आणि ते स्वाभाविक आहे. माझी विनंती प्रशिक्षण देणाऱ्यांना आहे. त्या पाच-सात दिवसांतला एक तास बिट आणि छिद्राला द्यावा. सागाचा एक तुकडा, पितळी स्क्रू, पीएच आणि पीझेडचं एकेक बिट समोर ठेवून प्रत्येकाला एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर करू द्यावं. आणि हत्यारांच्या यादीत मशीनच्या खाली, वेगळ्या ओळीत, पीएच-२ची दहा बिटं आणि तीन मिलिमीटरची ड्रिलं लिहावीत.