हमी सरकारची, हप्ते आपलेच

अमेरिकेत ग्रामीण भागात घर घ्यायला कृषी खात्याच्या हमीचं कर्ज मिळतं. नावात ‘कृषी’ असलं, तरी शेतकरी असण्याची अट नाही. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. हमी (कर्ज बुडाल्यास नुकसानभरपाईचं वचन) घर घेणाऱ्याला नसते, बँकेला असते. पतसंस्थेच्या कर्जाला मामा जामीन राहिला, तरी हप्ते भाच्यानेच फेडायचे, तसंच हे. थकले तर घर जाऊ शकतं. शिवाय हमीचं शुल्क बहुधा कर्जदाराच्याच माथी येतं! या हमीच्या जोरावर बँक डाउन पेमेंटशिवाय (सुरुवातीला खिशातून भरायची रक्कम) कर्ज देते. मात्र कुटुंबाचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली, निम्मी वर) ११५ टक्क्यांच्या आत हवं आणि घरात स्वतः राहायला हवं. भाड्याने द्यायचा बेत असेल, तर हे कर्ज नाही.