सोळा दिवसांतली सहा लाख वर्षं

रोज एकदा खोटा इशारा देणारी दोन यंत्रं घ्या. एकाच्या इशाऱ्याच्या १५ मिलिसेकंद आगेमागे दुसऱ्याचाही इशारा निव्वळ योगायोगाने यायला सरासरी किती काळ लागेल? सुमारे ७,९०० वर्षं! तासाला एकदा इशारा दिला तर पावणेचौदा वर्षं, मिनिटाला एकदा दिला तर ३३ तास. हिशेब शाळकरी आहे: दोन्ही दरांचा गुणाकार, गुणिले ३० मिलिसेकंद.

१५ हा आकडा गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचा. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्रांत तीन हजार किलोमीटरचं अंतर आहे. गुरुत्वीय लहर ते फार तर १० मिलिसेकंदांत कापते. वरचे ५ मोजमापातल्या अनिश्चिततेसाठी. १४ सप्टेंबर २०१५ला दोन्हीकडे ६.९ मिलिसेकंदांच्या फरकाने एक संकेत उमटला. केवळ गोंगाटातून असं २,०३,००० वर्षांत सरासरी एकदाही घडणार नाही, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. हाताशी नोंदी मात्र १६ दिवसांच्याच.

यंत्रांचा गोंगाट सरळसोट नसतो, वरच्या गुणाकारावर भागत नाही. म्हणून त्यांनी मुद्दाम घड्याळ बिघडवलं. एका यंत्राच्या नोंदी ०.१ सेकंदाने सरकवल्या. आता जे जुळेल ते एकाच लहरीमुळे जुळलेलं असूच शकत नाही. मग आणखी ०.१, आणखी ०.१... १६ दिवसांत असे सुमारे १ कोटी ३८ लाख सरकाव मावतात, आणि दर सरकावाला गोंगाटाचे नवे १६ दिवस मिळतात. बेरीज ६,०८,००० वर्षं! शोध तीन गटांत विभागला होता, म्हणून या बेरजेला तीनने भागलं. एवढ्या गोंगाटात त्या संकेताच्या तोडीचं काहीच निघालं नाही.

१९७०च्या दशकात नोंदींचं असं सरकणं एकदा नकळत घडलं होतं. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या जोसेफ वेबर यांना आपल्या आणि रोचेस्टरच्या यंत्रांत जुळण्या सापडल्या. मागाहून कळलं, दोन्ही नोंदींच्या वेळांत चार तासांचा फरक होता. त्या जुळण्यांचं मोल काय, ते उघडच आहे.

एक अट मात्र सरकवूनही सुटत नाही: यंत्रं एकमेकांपासून खरोखर अलिप्त हवीत. प्रचंड वीज कडाडली की तिची चुंबकीय थरथर पृथ्वीभर पसरते, दोन्ही ठिकाणी पोचते. आणि योगायोग पाहा, २०१५चा तो संकेत आला त्याच सेकंदाला आफ्रिकेत बुर्किना फासोवर सुमारे ५ लाख अँपिअरची वीज कोसळली होती! चुंबकमापकांच्या नोंदी तपासल्या. असा संकेत उमटवायला ती थरथर निदान हजारपट मोठी असायला हवी होती.